मूळ देश

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ
शोधू नये म्हणतात.
मला त्याचाच पगार मिळतो.

बॅलार्ड इस्टेट, तिसरा मजला,
चेंबरची दाखल्यांची खिडकी, एकोणीस वर्षं.
झडपा, जिरं, पितळी तारेची भेंडोळी :
कुठल्या मातीतलं, कुणाच्या हातचं,
शंभरातले किती पैसे इथले,
एवढं पाहायचं, मग गोल शिक्का.
शिक्का तिरका बसला
तर पलीकडच्या बंदरात कंटेनर
आठवडाभर उन्हात.

शिक्का धरायला शिकवलं पेस्तनजी दुबाशांनी.
"दुबाश म्हणजे दोन भाषावाला," ते सांगायचे,
"आमचा खापरपणजा गोऱ्या कप्तानांना
कोंबड्या नि कांदे पुरवायचा.
दोस्ती कांद्यावरून सुरू होते, डिकरी,
तुटते पण कांद्यावरूनच."

करार झाला तो मंगळवार होता.
अपोलो बंदरच्या हॉटेलात दोन मोठे देश,
त्यातला एक आपला.
सहा वर्षं चीजवरून, टायरवरून, बदामावरून
अबोला धरलेले,
आता सख्खे.
नव्या फॉर्मचा नमुना घेऊन मला बोलावलेलं.
खांबाआड उभ्या राहा म्हणाले, राहिले.

मंत्र्यांनी हात मिळवले.
फोटोवाला म्हणाला, अजून एकदा.
तिसऱ्या वेळी पलीकडच्यांना शिंक आली
आणि आपल्यांनी खिशातून रुमाल काढून दिला,
इस्त्रीची घडी न मोडलेला.
अकराशे पानांत रुमालाचं कलम नव्हतं.
सवयीनं मी मान वाकडी करून पाहिलं :
सुती, कडेला हातशिलाई,
मूळ देश
एवढ्या लांबून कळेना.

जेवणं सुरू व्हायच्या आत
मला भटारखान्याच्या वाटेनं बाहेर काढलं.
तिथं खोक्यांची चळत, थंड वाफा येणारी.
पावाचा चुरा लावलेली कोळंबी.
त्यांच्या देशाची. निळी अक्षरं, छोटा झेंडा.
खाली बारीक टायपात
कच्च्या मालाचा लॉट नंबर.

तो नंबर माझ्या हातून गेला होता,
फेब्रुवारीत.
ससून डॉकच्या मागे चांगुणा वैतीच्या शेडमधली,
बोटांना तुरटी चोळत बायकांनी सोललेली,
किलोमागे ठरला दर, बर्फाचे पैसे वेगळे.
तिकडे तिला चुरा लागला, ती अर्धी तळली, गोठली,
नियम चारप्रमाणे "पुरेसं रूपांतर" झालं,
आणि ती त्यांची झाली.
लेक सासरी गेली म्हणावं
तर ही माहेरपणाला आलेली,
अन् दारात भाकरतुकडा ओवाळायला कुणी नाही.
वेटरनं मला हटकलं,
बाई, खोक्याला हात लावू नका.

आणि त्याही आधी?
खोल पाण्यातला मासा
बोटीवर ज्याचा झेंडा त्याचा, असं नियम सांगतो.
जाळं वर येईपर्यंत काय,
ते सांगत नाही.

रात्री पेस्तनजींना फोन लावला.
एकाच कानानं ऐकू येतं आता,
दोनदा सांगावं लागलं, कोळंबी, कोळंबी,
शेजारची मुलं हसली.
सगळं ऐकून घेऊन म्हणाले,
"ते ठीक. पण कांदा?
बाजूला कापून ठेवलेला कांदा कुठचा होता?"
विचारायचं राहिलं, म्हटलं.
"हां," ते म्हणाले, आणि बराच वेळ
फोन ठेवायला विसरले.

बुधवारी खिडकी साडेदहाला उघडली.
पहिलाच अर्ज नव्या नमुन्यावर :
गोठवलेली कोळंबी, बावीस टन, जकात शून्य.
चांगुणाच्या शेडचं बिल मागे टाचलेलं,
दर तोच, फेब्रुवारीचा.
सातव्या रकान्यात मी देशाचं नाव लिहिलं.
शिक्का जरा तिरका बसला.

तसाच दिला.